परदेशांतील अधिकारपद आणि घरचें बिऱ्हाड

कंपनी नेमणूक करते ती एका माणसाची. पण विमानांत बसतें तें सारें घर. पुण्यांतील एखाद्या कारखान्यांत अथवा संगणकाच्या कचेरींत पंधरा-वीस वर्षें काम करून वरच्या जागेवर पोहोंचलेल्या गृहस्थास, आणि आतां कित्येकदां गृहिणीसहि, एके दिवशीं परदेशांतील अधिकारपदाचें पत्र येतें. त्यांत हुद्दा असतो, पगाराचा आंकडा असतो, रुजू होण्याची तारीख असते. परंतु एकाला बढती मिळाली तर दुसऱ्यानें आपल्या नोकरीचें काय करावें, दहा वर्षांच्या मुलानें भूगोल कोणत्या भाषेंत शिकावा, कोथरूडमधल्या आईवडिलांना मध्यरात्रीं बरें वाटेनासें झालें तर डॉक्टरांना कोणीं बोलवावें, आणि पांच वर्षांनीं परतावयाचें ठरलें तर कोणत्या जागेवर परतावें, यांविषयीं त्या पत्रांत एक अक्षरहि नसतें. याबद्दल एकट्या कंपनीस दोष देण्यांत अर्थ नाहीं. बहुधा हे प्रश्न तिला कोणीं विचारलेलेच नसतात. आजच्या भाषणांत याच चार प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न नवा नाहीं. फर्ग्युसन कॉलेजांत १९१२ पासून पाली शिकविणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांना १९१८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामासाठीं जाण्याचा योग आला. बरोबर थोरली मुलगी माणिक आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा दामोदर हीं दोघें गेलीं. पत्नी बाळाबाई आणि धाकट्या मुली इकडेच राहिल्या. धर्मानंद १९२२ सालीं परतले. मुलाचें शालेय शिक्षण मात्र बॉस्टनजवळच्या केंब्रिज गांवीं झालें, १९२९ सालीं तो हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि पुढें फर्ग्युसनमध्येंच त्यानें गणित शिकविलें. डी. डी. कोसंबी या नांवानें जगास ठाऊक असलेले गणिती व इतिहासकार ते हेच. या एका उदाहरणांत आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. परदेशवासानें मुलापुढें एक मोठें दार उघडलें. पण त्यासाठीं एका घराचीं दोन घरें झालीं, आणि मध्यें अर्धी पृथ्वी राहिली. लाभ एकाच्या नांवें जमा होतो आणि किंमत दुसऱ्याच्या नांवें खर्चीं पडते, हा या स्थलांतराचा खरा हिशेब आहे. तो जाण्यापूर्वीं मांडला तर किंमत वांटून घेतां येते. मागाहून मांडला तर नुसता कलह होतो.

पहिला प्रश्न जोडीदाराचा. तो मनाच्या तयारीवर अवलंबून आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो पुष्कळसा व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असतो. पुणेकरांच्या ओळखीचा देश म्हणून प्रथम जर्मनी घेऊं. १९५८ सालीं जर्मन कंपनीच्या सहकार्यानें 'बजाज टेंपो' निघाली. पुढें मर्सिडीझ व फोक्सवॅगन यांचे कारखाने चाकणला उभे राहिले. उलट दिशेनें २००४ सालीं भारत फोर्जनें जर्मनींतील एक घडाई-कारखाना विकत घेतला. औंधांत तर ब्रेमेन शहराच्या नांवाचा चौकच आहे. या वाटेनें जाणाऱ्या अधिकाऱ्यास २०१२ पासून युरोपीय संघाचें 'ब्ल्यू कार्ड' मिळूं शकतें. हें कार्ड ज्याच्याजवळ असेल त्याच्या पत्नीस किंवा पतीस जाण्यापूर्वीं जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला द्यावा लागत नाहीं, आणि तेथें गेल्यावर कोणतीहि नोकरी धरण्याची मोकळीक असते.

आतां अमेरिका पाहा. एकाच पुण्याच्या कचेरींतून एकाच हुद्द्यावर दोघे गेले, पण एक 'एल्-१' व्हिसावर आणि दुसरा 'एच्-१ बी' व्हिसावर, तर दोघांच्या घरांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. 'एल्-१' हा कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा होय; त्यासाठीं मागील तीन वर्षांपैकीं सलग एक वर्ष त्याच कंपनींत अमेरिकेबाहेर काम केलेलें असावें लागतें. या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदारास नोकरी करतां येते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठीं निराळा परवानाहि काढावा लागत नाहीं. 'एच्-१ बी' वाल्याच्या जोडीदारास 'एच्-४' व्हिसा मिळतो, आणि त्यावर सामान्यतः कमावतां येत नाहीं. कंपनीनें कायम वास्तव्यासाठीं केलेली विनंती मंजूर होणें यासारखा टप्पा गांठल्यावरच कामाचा परवाना मागतां येतो. हीहि सवलत मे २०१५ पासूनची. म्हणजे पुण्यांत दहा वर्षें बँकेंत अधिकारी असलेली बाई एका अक्षराच्या फरकानें तेथें कमावती राहते अथवा घरीं बसते. पगाराची घासाघीस करणारे गृहस्थ व्हिसाचा प्रकार विचारीत नाहींत, ही मोठीच विसंगति आहे.

परवानगी मिळाली म्हणजे काम मिळालें असेंहि नव्हे. यंत्रशास्त्राचा किंवा संगणकाचा धंदा सीमेपलीकडे सहज जातो. डॉक्टर, वकील, शिक्षिका, परिचारिका यांच्या धंद्यांस मात्र त्या त्या देशाची मान्यता लागते. जर्मनींत डॉक्टरी करावयाची तर पदवीची तपासणी होते आणि रोग्याशीं जर्मनमध्यें बोलतां येईल इतकी भाषा यावी लागते. ही दोन-तीन महिन्यांची गोष्ट नव्हे. अशा घरानें निघण्याच्या आधीं निदान वर्षभर भाषेचा अभ्यास सुरू करावा. पुण्यांत त्याची सोय उत्तम आहे. मॅक्सम्यूलर भवन आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग यांच्या वर्गांत पुणेकरांच्या पिढ्या जर्मन शिकल्या आहेत. येथें एक सूचना करावीशी वाटते. ज्याला नोकरी मिळाली तो कचेरींत इंग्रजीवर निभावून नेतो. बाजार, शाळा, दवाखाना आणि शेजार ज्याच्या वांट्यास येतात त्याला भाषा अधिक लागते. म्हणून वर्गाची पहिली फी जोडीदाराची भरावी.

घराच्या खर्चाविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण पगाराचा आंकडा दुरून डोंगरासारखा साजरा दिसतो. करारांतील रक्कम बहुधा वार्षिक असते आणि कर व विमा कापण्यापूर्वींची असते. जर्मनींत पुष्कळ घरें स्वयंपाकघराच्या मांडणीवांचून भाड्यानें देतात. ओटा, कपाटें, शेगडी भाडेकरूनें आणावयाची. जाहिरातींत दोन भाडीं दिसतात, एक 'थंड' आणि एक 'गरम'. गरम भाड्यांत घर तापविण्याचा व इतर सामाईक खर्च धरलेला असतो. अनामत म्हणून थंड भाड्याच्या तिप्पट रकमेपर्यंत मागतां येतें. घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगर-कचेरींत नांव नोंदवावें लागतें, आणि पुढील बहुतेक कामांना त्या नोंदणीचा कागद लागतो.

विम्याची बाब तर खास अधिकाऱ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. जर्मनींतील सार्वजनिक आरोग्यविम्यांत न कमावणारा जोडीदार आणि मुलें यांचा समावेश जादा हप्ता न घेतां करण्याची रीत चालत आलेली आहे. ज्याचा पगार ठराविक मर्यादेहून अधिक आहे त्यास खाजगी विमा घेण्याची मुभा असते, आणि एकट्या तरुणास तो आरंभीं स्वस्तहि पडतो. पण त्यांत प्रत्येक माणसाचा हप्ता निराळा असतो, आणि एकदां खाजगी विम्यांत गेलेल्यास सार्वजनिक विम्यांत परत येणें सोपें नसतें. चौघांच्या घरानें हा निर्णय एकट्याच्या सोयीनें करूं नये.

दुसरा प्रश्न मुलांचा. मुलें लहान असतात, तीं कोठेंहि रुळतात, असें आपण म्हणतों. सहा वर्षांचें मूल रुळतें हें खरें. परंतु वय जसजसें वाढतें तसतशी या बोलण्यांतली सत्यता कमी होत जाते. जर्मनींत शाळा सक्तीची आहे. मुलास घरीं ठेवून शिकविण्याची परवानगी नाहीं. सरकारी शाळेस फी नाहीं, शिक्षण जर्मन भाषेंत. नवागतांसाठीं कित्येक ठिकाणीं भाषेचे तयारी-वर्ग असतात. मात्र बहुतेक प्रांतांत प्राथमिक शाळा चार वर्षांची असून नंतर मुलांची वांटणी निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत होते, आणि विद्यापीठाकडे नेणारी सरळ वाट त्यांपैकीं 'गिम्नाझिउम'ची. म्हणजे साडेनऊ-दहा वर्षांचें मूल तेथें पोहोंचलें तर भाषा येण्यापूर्वींच त्याच्या शाळेचा प्रकार ठरण्याची वेळ येते. आंतरराष्ट्रीय शाळेंत इंग्रजीतून शिकतां येतें, पण तिची फी मोठी असते. ती कंपनी देणार असेल तर किती वर्षें देणार हें लेखी असावें. दोन वर्षांनीं सवलत बंद झाली आणि मूल तेव्हां बारा वर्षांचें असलें, तर तें दोन्ही भाषांच्या मध्यें अडकतें.

परतीचा विचारहि मुलाच्या वयाशीं बांधलेला आहे. नववींतून पुण्याहून उचललेलें मूल जर बारावीनंतर महाराष्ट्रांत वैद्यकीसारख्या शिक्षणास परत यावयाचें असेल, तर राज्याच्या जागांसाठीं दहावी-बारावी कोठून झाली आणि अधिवास कोठला याचा विचार होतो, हें आधीं पाहून ठेवावें. अमेरिकेंत आणखी एक मर्यादा आहे: आईबापांच्या व्हिसावर मूल एकवीस वर्षें पुरीं होईपर्यंतच राहूं शकतें. कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास दर वर्षीं सात टक्क्यांहून अधिक जागा जाऊं नयेत असा तेथील नियम असल्यामुळें भारतीयांची रांग फार लांब आहे. ती संपण्यापूर्वीं मूल एकवीस वर्षांचें झालें तर तेथेंच वाढलेल्या त्या मुलास विद्यार्थ्याचा निराळा व्हिसा काढावा लागतो, नाहीं तर देश सोडावा लागतो.

मराठीचें काय, असें कोणी विचारील. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें आहे. उत्तर अमेरिकेंतील मंडळांचें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या आश्रयानें तेथें मराठी शाळा चालतात. या संस्थांचें साहाय्य मोलाचें आहे. पण आठवड्यांतून एकदां भरणारी शाळा लिपि शिकवील, ताटावरची भाषा शिकविणार नाहीं. आजीशीं बोलतां यावें एवढी मराठी घरांतच टिकते. तीहि आईबाप एकमेकांशीं मराठींत बोलत असतील तर.

आजीचें नांव निघालें, तेव्हां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. पुण्यांतील कित्येक इमारतींत आज संध्याकाळीं बाल्कनींत दिसतात तीं फक्त म्हातारीं माणसें. मुलें परदेशीं आहेत. त्यांना बरोबर न्यावें म्हटलें तर कायदा काय म्हणतो? अमेरिकेंत भेटीच्या व्हिसावर आईवडील साधारणतः एका खेपेस सहा महिने राहूं शकतात. कायम वास्तव्यासाठीं मुलगा अथवा मुलगी तेथील नागरिक असावी लागते. युरोपांतील शेंगेन देशांत भेटीस गेलेल्या माणसास कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवस राहतां येतें. जर्मनीनें १ मार्च २०२४ पासून नव्यानें परवाना मिळणाऱ्या कुशल नोकरदारांना आईवडील राहावयास आणण्याची वाट मोकळी केली आहे. परंतु त्यांच्या निर्वाहाचा आणि आरोग्यविम्याचा भार स्वतः उचलावा लागतो, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसास तेथें विमा मिळविणें हीच खरी अडचण. आणि कायदा अनुकूल असला तरी जिला भाषा येत नाहीं, खालीं उतरून भाजी आणतां येत नाहीं, अशा सासूला अथवा आईला चौथ्या मजल्यावरच्या शांत घरांत सुख लागेलच असें नाहीं.

तेव्हां बहुतेक आईवडील येथेंच राहणार, असें धरून व्यवस्था करावी. आणि ती 'बघूं, शेजारी आहेतच' एवढ्यावर सोडूं नये. पुण्यांत मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हां जर्मनींत हिंवाळ्यांत संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यांत साडेआठ वाजलेले असतात; फोन उचलतां येईल, पण पायरी चढतां येणार नाहीं. म्हणून रात्रीं धांवून येईल असा एक माणूस नांवानिशीं ठरवावा आणि त्याला तसें स्पष्ट विचारावें. रुग्णालय कोणतें, विम्याचे कागद कोठें, किल्ली कोणाजवळ, पैसे कोणत्या खात्यांतून काढावयाचे, हें एका वहींत लिहून ठेवावें. घर, सोसायटी, मिळकतकर यांसाठीं निघण्यापूर्वींच विश्वासाच्या माणसास रीतसर मुखत्यारपत्र करून द्यावें. भावंडांपैकीं एकजण पुण्यांत राहणार असेल तर त्याच्यावर किती भार पडतो याची मोजदाद दूर गेलेल्यानें करावी. राहिलेल्यानें ती बोलून दाखवावी लागूं नये. परदेशांतून येणारा पैसा ही सेवेची भरपाई नव्हे, पण सेवा करणाऱ्यास रजा मिळवून देण्यास तो निश्चित उपयोगी पडतो.

चौथा प्रश्न परतण्याचा. निघतांना 'चार-पांच वर्षें, मग परत' असें जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. ही मुदत खरी असेल तर तिचे परिणाम कागदावर दिसले पाहिजेत. भारत आणि जर्मनी यांच्यामधील सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून अमलांत आहे. त्याप्रमाणें भारतीय कंपनीनें तात्पुरतें धाडलेला नोकर ४८ महिन्यांपर्यंत इकडचा भविष्यनिर्वाह निधि चालू ठेवून तिकडची निवृत्तिवेतनाची वर्गणी टाळूं शकतो. आणि तेथील नोकरींत राहून वर्गणी भरली तर ती वर्षें निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठीं धरलीं जातात. अमेरिकेशीं भारताचा असा करार नाहीं. तेथें निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठीं साधारणतः दहा वर्षांची वर्गणी लागते. पण अधिकाऱ्याचा 'एल्-१' व्हिसा अधिकांत अधिक सात वर्षांचा आणि 'एच्-१ बी' सामान्यतः सहा वर्षांचा. जो मुदत संपतांच परततो त्याच्या पगारांतून कापलेली ही वर्गणी बहुधा तिकडेच राहते. पगाराची तुलना करतांना ही वजावट धरली पाहिजे.

इकडच्या व्यवहारांतहि फरक पडतो. अनिवासी झाल्यावर येथील साधें बचत-खातें तसेंच चालवितां येत नाहीं. बँकेस कळवून तें अनिवासी खात्यांत बदलावें लागतें. नागरिकत्वाचा प्रश्न आणखी गंभीर आहे. जर्मनीनें जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलें आहे, परंतु १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याप्रमाणें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व स्वीकारतांच आपलें भारतीय नागरिकत्व जातें. २००५ पासून मिळूं लागलेल्या 'ओ. सी. आय.' कार्डानें येथें येणें-राहणें सुलभ होतें. मतदानाचा हक्क अथवा शेतजमीन विकत घेण्याचा हक्क त्यानें येत नाहीं. ज्याच्या मनांत गांवाकडे शेत घेऊन म्हातारपण काढण्याचा बेत असेल, त्यानें हें विसरूं नये.

कागदपत्रांची एक अडचण विशेषेंकरून आपल्या घरांतली आहे. महाराष्ट्रांत लग्नानंतर कित्येक स्त्रियांचें आडनांव, वडिलांच्या जागीं पतीचें नांव, आणि कधीं कधीं स्वतःचें नांवहि बदलतें. मग पदवीवर एक नांव, पारपत्रावर दुसरें आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरेंच, असें होतें. परकीय अधिकाऱ्यास त्या तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात. हे दाखले तीन-चार महिने आधीं काढून एकमेकांशीं ताडून पाहावेत.

आतां या साऱ्याचें तात्पर्य काय? करारावर सही करण्यापूर्वींचा आठवडा हा घराच्या हातांतला शेवटचा आठवडा असतो. त्यानंतर कंपनीला विचारलेली प्रत्येक गोष्ट ही मेहेरबानी ठरते. म्हणून त्या आठवड्यांत व्हिसाचा प्रकार व जोडीदाराचा कामाचा हक्क, भाषेच्या वर्गाचा खर्च, मुलांची फी व तिची मुदत, साऱ्या कुटुंबाचा विमा, आईवडिलांच्या आजारपणांत तांतडीनें येण्याची रजा व प्रवासखर्च, आणि मुदतीनंतर पुण्यांत परत मिळणारी जागा, एवढ्या सहा गोष्टी लेखी मागाव्यात. सहाच्या सहा मिळणार नाहींत. पण जी मिळणार नाहीं तिची किंमत घरांत कोण देणार, हें त्याच आठवड्यांत कळेल.

त्याहून महत्त्वाचा करार घरांत व्हावयाचा असतो. त्यांत जोडीदारानें किती वर्षें आपलें काम बाजूस ठेवावयाचें, आणि तीं वर्षें संपल्यावर पुढील निवड कोणाच्या सोयीनें करावयाची, हें ठरावें. मुलांना सांगितलें जावें. दहा वर्षांवरील मुलाला विचारलें जावें. आईवडिलांपुढें तिकिटें ठेवण्याऐवजीं प्रश्न ठेवला जावा. दर वर्षीं एकदां, ठरलेल्या तारखेस, हा करार पुन्हां वाचावा, आणि ज्याच्या अंगावर भार अधिक पडलेला दिसेल त्याच्या बाजूनें तो बदलावा.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें, म्हणून त्याला कोणाला विचारावें लागत नाहीं. माणसाचें बिऱ्हाड चार माणसांच्या पाठीवर वांटलेलें असतें. तें उचलण्यापूर्वीं कोणाच्या पाठीवर किती ओझें येतें हें चौघांनीं मिळून पाहिलें, तर जाणें आणि राहणें हे दोन्ही निर्णय सारखेच शहाणपणाचे ठरूं शकतात.